फौजी बिल्ल्यांवरचे चांदीचे ठसे: कोणत्या क्रमाने तपासावेत आणि फसगत कुठे होते

देवळाली कॅम्प, नाशिकरोड भागातल्या जुन्या घरांतून टोपीचे बिल्ले, कॉलरची चिन्हे, पदके अजूनही निघतात. हातात आल्याबरोबर बहुतेक जण जे करतात, त्याचा क्रम नेमका उलटा असतो. आधी चिंच आणि मीठ लावून घासायचे, मग सराफाकडे नेऊन कस लावून घ्यायचा आणि सगळ्यात शेवटी घरी येऊन भिंगातून ठसा शोधायचा. तोवर ठशाच्या कडा बोथट झालेल्या असतात, मागच्या बाजूला ओरखडा पडलेला असतो आणि संग्राहक अशा वस्तूकडे बघून मान हलवतो.

दुसरा घोळ ठशाबद्दलचा आहे. ‘९२५ (हजार भागांत ९२५ भाग चांदी) दिसले म्हणजे चांदी, काहीच दिसले नाही म्हणजे बनावट’ हा हिशोब दोन्ही बाजूंनी चुकतो. चांदीच्या कित्येक अस्सल फौजी वस्तूंवर ठसा कधी नव्हताच, आणि ९२५ चा पंच (ठसा मारायचे हत्यार) कुणीही करवून घेऊ शकतो. म्हणून वस्तू काय आहे हे आधी ठरवायचे, ठसा त्यानंतर वाचायचा आणि धातू शेवटी तपासायचा. खालचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत. मधला एखादा गाळू नका.

## तयारी: काय जवळ हवे

- दहापट भिंग, सराफ ज्याला आयग्लास म्हणतात ते. तीसपट, साठपट असे छापून येणारे स्वस्त भिंग घेऊ नका. त्यातून कडा रंगीत दिसतात आणि ठसा फिरल्यासारखा वाटतो.
- छोटी एलईडी बॅटरी. प्रकाश वरून न टाकता बाजूने, जवळजवळ आडवा टाकता आला पाहिजे.
- ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा. २०११ च्या मालिकेतले पाच रुपयांचे नाणे ६ ग्रॅमचे असते. काट्यावर ते ठेवून बघा, ५.९५ ते ६.०५ च्या बाहेर आकडा आला तर काटा आधी दुरुस्त करा.
- व्हर्निअर कॅलिपर, लहान लोहचुंबक, काचेचा पेला, बारीक नायलॉनचा दोरा. सुती दोरा पाणी पितो आणि वजन चुकवतो.
- मऊ टूथब्रश, डिस्टिल्ड वॉटर, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, कापूस, आयसोप्रोपिल अल्कोहोल.
- वही आणि मोबाइल. प्रत्येक टप्प्यानंतर फोटो काढायचा.

घरात असेल तरी दूर ठेवा: सिल्व्हर डिप, टूथपेस्ट, रांगोळी, पितांबरी, चिंच, लिंबू, बफ. यातले काहीही लावले की ठशाच्या खोलगट भागातला काळेपणा निघून जातो. ठसा जुना की परवाचा, हे पुढे त्याच काळेपणावरून ओळखायचे असते.

## टप्पा १: वस्तू कोणती, आणि ती चांदीची असायला हवी का

भिंग बाजूला ठेवा. हातातली वस्तू आधी चारपैकी एका गटात बसवा.

सरकारी पदक. ब्रिटिश काळातल्या सरकारी पदकांवर हॉलमार्क शोधत बसू नका. ती टांकसाळीत पडत आणि सरकारी टांकसाळ हॉलमार्क लावत नसे. पहिल्या महायुद्धाचे ‘ब्रिटिश वॉर मेडल’ ९२५ चांदीचे आहे, पण त्यावर ठसा नसतो. कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण असते. हेच पदक मजूर तुकड्यांसारख्या काही दलांना काशाचे मिळाले, तेव्हा तपकिरी दिसले म्हणून ते लगेच खोटे ठरवू नका. १९११ चे दिल्ली दरबार पदक चांदीचे असते आणि कडेवर नाव न घालताच दिले जात असे. १९१६ पासून सैन्यातून मुक्त झालेल्यांना दिलेला गोल ‘सिल्व्हर वॉर बॅज’ही ९२५ चांदीचा, त्याच्या मागे फक्त नंबर.

उलट बाजूही लक्षात ठेवा. दुसऱ्या महायुद्धाचे ‘वॉर मेडल १९३९-४५’, ‘डिफेन्स मेडल’ आणि ‘इंडिया सर्व्हिस मेडल’ ही तांबे-निकेलची, म्हणजे क्युप्रोनिकेलची आहेत. यातली पहिली दोन कॅनडाने आपल्या सैनिकांसाठी चांदीत पाडली. भारतात घराघरांत सापडतात ती नव्हेत. ‘राजाची मुंडी आहे म्हणजे चांदी’ म्हणून सर्वाधिक विकली जातात ती हीच पदके. स्वातंत्र्यानंतरच्या पदकांत महावीर चक्र आणि वीर चक्र चांदीचे ठरवलेले आहे, तर १९४७ चे जनरल सर्व्हिस मेडल क्युप्रोनिकेलचे.

शिपायाचा सरकारी बिल्ला. पितळ, पांढरा धातू किंवा या दोहोंची जोड. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत रंग चढवलेले ॲल्युमिनियम आले. ते पिसासारखे हलके लागते. या गटात चांदी सापडण्याची आशा धरू नका.

अधिकाऱ्याने स्वखर्चाने घेतलेला बिल्ला. चांदीची खरी शक्यता इथे आहे. गणवेश शिवणारे दुकानदार आणि जवाहिरे हे बिल्ले करून देत. इंग्लंडमध्ये बनलेल्यावर पूर्ण हॉलमार्क असू शकतो. भारतात बनलेल्यावर नुसते ‘सिल्व्हर’ किंवा काहीच नाही, कारण त्या काळी इथे हॉलमार्कची सक्ती नव्हती. कलकत्त्याच्या हॅमिल्टन कंपनीसारखे मोठे जवाहिरे स्वतःचे ठसे मारत, पण ते दुकानाचे ठसे होते, शुद्धतेची सरकारी हमी नव्हती.

घरच्यांसाठीचा ब्रोच. पलटणीच्या चिन्हाचा, पत्नीने किंवा आईने लावायचा छोटा दागिना. इंग्रजीत याला स्वीटहार्ट ब्रोच म्हणतात. यांच्यावर हॉलमार्क सर्रास सापडतो. सर्वाधिक नकलाही यांच्याच होतात.

तपासा: वहीत एक ओळ लिहा: ‘ही वस्तू अमुक गटातली, चांदी असायला हवी / नको, ठसा अपेक्षित आहे / नाही.’ ही ओळ लिहिता येत नसेल तर पुढे जाऊ नका. बिल्ल्यावरचे शब्द, मुकुटाचा आकार आणि मागची अडकवण यांवरून आधी वस्तू ओळखा.

## टप्पा २: वाचण्यापुरतीच सफाई

डिस्टिल्ड वॉटरमध्ये लिक्विडचे दोन थेंब टाका. ब्रश ओला करून ठशाच्या जागेवरून एकाच दिशेने दहा-बारा वेळा फिरवा. साध्या डिस्टिल्ड वॉटरने धुवा, कापसाने टिपा, सावलीत सुकू द्या. चिकटपणा राहिला तर कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल घेऊन तेवढीच जागा पुसा.

मीनाकारी असेल तर बिल्ला बुडवू नका. जुन्या मीन्याला बारीक चिरा असतात आणि त्यातून पाणी आत जाते. वार्निश चढवलेले असेल तर अल्कोहोलने ते निघेल, म्हणून आधी कडेच्या एका टिंबावर लावून बघा.

काळा, निळसर, तपकिरी थर तसाच राहू द्या. तो चांदीचा गंज आहे आणि आपल्या कामाचा आहे.

## टप्पा ३: ठसा शोधणे

खोलीतला दिवा बंद करा. बॅटरी बाजूने आडवी धरून बिल्ला सावकाश फिरवा. समोरून उजेड पाडला तर झिजलेला ठसा दिसतच नाही. आडव्या उजेडात त्याच्या एका कडेला सावली पडते आणि आकार उमटतो.

शोधायच्या जागा याच क्रमाने घ्या: मागचा सपाट भाग, पिनेची पट्टी, कडीच्या मुळाशी, किनारीची जाडी, आणि फ्रेंच पदक असेल तर वरची लटकवायची कडी. फ्रान्समध्ये ठसा बहुतेक कडीवरच असतो: छोट्या कामासाठी रानडुकराचे डोके किंवा खेकडा, म्हणजे किमान ८०० चांदी. नुसती चकती बघून ‘ठसा नाही’ म्हणणारे इथेच चुकतात.

ठसा आहे पण अक्षर लागत नसेल तर काजळीची युक्ती करा. मेणबत्तीच्या ज्योतीच्या टोकावर ठशाची जागा दोन सेकंद धरा, हलकी काजळी बसली की त्यावर पारदर्शक चिकटपट्टी दाबा, उचला आणि पांढऱ्या कागदावर चिकटवा. झिजलेले ठसे असे पुष्कळदा वाचता येतात. मीना, वार्निश, कापडी फीत किंवा शिशाचा डाख (सोल्डर) असलेल्या बिल्ल्यावर ही युक्ती नको. शिशाचा डाख कमी उष्णतेत वितळतो.

## टप्पा ४: ठसा वाचणे

### ब्रिटिश ठसे

पूर्ण ब्रिटिश हॉलमार्कमध्ये चार खुणा असतात. कारागिराची आद्याक्षरे, चालणारा सिंह, शहराची खूण आणि वर्षाचे अक्षर. सिंह डावीकडे चाललेला, पुढचा एक पंजा उचललेला असतो. त्याचा अर्थ ९२५. शहरांच्या खुणा: बर्मिंगहॅम म्हणजे नांगर, शेतातला नव्हे, जहाजाचा. लंडन म्हणजे समोर पाहणारे बिबट्याचे डोके. शेफील्ड १९७४ पर्यंत मुकुट, पुढे गुलाब. चेस्टर म्हणजे तलवार आणि गव्हाच्या तीन पेंढ्या; ते कार्यालय १९६२ ला बंद झाले. एडिंबरा म्हणजे किल्ला, आणि तिथे सिंहाऐवजी १९७५ पर्यंत काटेरी फूल. बिल्ले आणि ब्रोच बहुतांशी बर्मिंगहॅमचे, त्यामुळे सवय नांगराची ठेवा.

वर्षाचे अक्षर वाचताना तीन गोष्टी एकत्र जुळाव्या लागतात: अक्षर, त्याची लिपी आणि भोवतीच्या ढालीचा आकार. बर्मिंगहॅमला १९०० साली छोट्या ‘ए’पासून मालिका सुरू झाली, त्यात ‘जे’ वगळलेले. म्हणून १९१४ चे ‘पी’, १९१५ चे ‘क्यू’, १९१६ चे ‘आर’, १९१७ चे ‘एस’, १९१८ चे ‘टी’. १९२५ ला पुन्हा ‘ए’, पण मोठ्या लिपीत. लिपी न बघता नुसते अक्षर जुळवले की वर्ष पंचवीसने चुकते. शिवाय त्या काळी अक्षर जुलैत बदलत असे, म्हणून ‘पी’ म्हणजे १९१४-१५ असे धरा.

सूचना: पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश बनावटीच्या बिल्ल्यावर नुसता ‘९२५’ असेल आणि सिंह, नांगर काही नसेल, तर सावध व्हा. ब्रिटनमध्ये आकडा सक्तीचा झाला १९९९ पासून. त्याआधी ‘.९२५’ दिसतो तो १९०४ पासून परदेशातून आयात झालेल्या चांदीवर, तोही शहराच्या आयात-खुणेसोबत.

५ पेनीवेट, म्हणजे सुमारे ७.७८ ग्रॅमपेक्षा हलक्या वस्तूंना हॉलमार्कमधून सूट होती. कॉलरचे छोटे चिन्ह या वजनात बसते. त्यावर फक्त ‘सिल्व्हर’ लिहिलेले असणे किंवा काहीही नसणे नेहमीचेच आहे.

### अमेरिकी, जर्मन, रशियन

अमेरिकी बिल्ल्यावर ‘स्टर्लिंग’ हा शब्द सरळ लिहिलेला असतो, सोबत बनवणाऱ्याचे नाव किंवा खूण. तिथे शहराच्या खुणा नसतात. अमेरिकी वैमानिकाच्या पंखांच्या बिल्ल्यावर सिंह दिसला तर तो ठसा दुसरीकडून आला आहे.

जर्मन चांदीकामावर १८८८ पासून चंद्रकोर आणि मुकुट, शेजारी ८०० किंवा त्याहून मोठा आकडा. जर्मन पदकांवर ‘एल’ आणि तिरपी रेघ देऊन आलेले आकडे, किंवा कडीवरचे दोन-तीन अंकी आकडे हे कारखान्याचे क्रमांक आहेत. त्यांना शुद्धता समजू नका. नव्या नकलांवर ‘८००’ मारण्याची इतकी रीत पडली आहे की जर्मन वस्तूवरचा एकटा ८०० हा पुरावा म्हणून मोजूच नये.

झारच्या काळातल्या रशियन वस्तूवर ८४ असेल तर ती ८७५ चांदी. ९६ भागांपैकी ८४ असा हिशोब. ८४ वाचून ‘८४ टक्के’ सांगणारे विक्रेते भेटतात.

### चांदी नसल्याचे ठसे

पुढचे शब्द किंवा अक्षरे दिसली की वस्तूत चांदी नाही किंवा वर नुसता मुलामा आहे: ई.पी.एन.एस., ई.पी.बी.एम., ए-१, निकेल सिल्व्हर, जर्मन सिल्व्हर, अल्पाका. जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबे, जस्त आणि निकेल. नाशिकच्या भांड्याच्या दुकानात हे सगळ्यांना ठाऊक असते, पण बिल्ल्यावर इंग्रजीत लिहिले की तेच लोक फसतात.

यातला बेरका प्रकार म्हणजे ई, पी, एन, एस ही चार अक्षरे वळणदार लिपीत चार वेगवेगळ्या ढालींत मारलेली. उघड्या डोळ्यांना तो हुबेहूब हॉलमार्क वाटतो. भिंगाखाली एकेक ढाल वेगळी वाचा आणि सिंह कुठे आहे ते शोधा. ‘जे. आर. गाँट, लंडन’ असे बनवणाऱ्याचे नाव पितळी बिल्ल्यावरही असते. नाव म्हणजे शुद्धता नव्हे.

बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) त्रिकोण दिसला तर वस्तूची तपासणी आपल्या काळात झाली आहे. भारतात चांदीचे हॉलमार्किंग २००५ पासूनचे. धातू खरा असेल, बिल्ला जुना आहे असे त्यावरून ठरत नाही.

## टप्पा ५: ठसा मारलेला, ओतलेला की बसवलेला

या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. ठसा वाचायला पुस्तक पुरते, पण ठसा कसा उमटला हे डोळ्यांनाच शिकवावे लागते.

मारलेला ठसा: पंच धातूत घुसला की धातू बाजूला सरकतो. ठशाच्या कडेला केसाएवढी उंच किनार दिसते, ढालीचा तळ सपाट आणि गुळगुळीत असतो, अक्षराच्या कडा तीक्ष्ण. पातळ बिल्ला असेल तर पुढच्या बाजूला, ठशाच्या बरोबर मागे, आडव्या उजेडात हलका फुगवटा जाणवतो. चार खुणा अनेकदा वेगवेगळ्या पंचांनी मारलेल्या असतात, त्यामुळे एखादी किंचित तिरकी, एखादी जास्त खोल असते. हा तिरकेपणा दोष समजू नका.

ओतलेला ठसा: अस्सल बिल्ल्याचा साचा काढून नवा ओतला की ठसाही सोबत ओतला जातो. मग कडा साबणाच्या जुन्या वडीसारख्या गोल होतात, तळ दाणेदार दिसतो, ढालीच्या कोपऱ्यांत टाचणीच्या टोकाएवढी भोके राहतात. ओतलेला धातू थंड होताना आकसतो, म्हणून व्हर्निअरने मोजले तर वस्तू मूळ मापापेक्षा थोडी लहान भरते. खात्रीचा नमुना मिळाला तर दोन्हींचे माप त्याच दोन टोकांत घ्या.

मारलेला आणि ओतलेला धातू यांतला फरक डोळ्यांत बसवायचा असेल तर त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीच्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेचे संग्रहालय बघून या. नाण्यांवर शिकलेली नजर बिल्ल्यावर तशीच चालते.

बसवलेला ठसा: तुटक्या चमच्याचा हॉलमार्क असलेला तुकडा कापून बिल्ल्याच्या मागे डाखाने जोडायचा, ही जुनी चलाखी. ओळखण्यासाठी बिल्ला थंड असताना त्यावर तोंडाने वाफ सोडा. वाफेचा पांढुरका थर उडत असताना जोडाची रेघ काही क्षण वेगळ्या छटेत उठून दिसते. दोन-तीनदा करा, प्रत्येक वेळी दुसऱ्या कोनातून. डाख साधारणपणे पिवळट किंवा करडा असतो आणि त्याचा काळेपणाही वेगळा. ठशाभोवती अशी बंद चौकट दिसली तर तुकडा बसवलेला आहे. पिनेच्या मुळाशी डाख असणे मात्र साहजिक आहे.

ठशाच्या आतला रंगही बघा. शंभर वर्षांच्या बिल्ल्यात खोलगट भाग बाहेरच्यापेक्षा जास्त काळा असतो. बाहेर काळे आणि ठसा आतून चकचकीत, तर ठसा नंतर मारला आहे. ठसा काळा आणि बाहेर एकसारखे काळे, अगदी कोपऱ्यांतही तोच रंग, तर रसायनाने काळे केल्याचा संशय घ्या.

## टप्पा ६: ठशाचे वर्ष आणि बिल्ल्याचे चिन्ह जुळते का

मुकुट बघा. १९०१ ते १९५२ च्या बिल्ल्यांवर राजाचा मुकुट, त्याच्या कमानी वर गोलाईने जातात. १९५३ ते २०२२ राणीचा मुकुट, त्याच्या कमानी मधोमध खाली दबलेल्या. प्रजासत्ताकानंतरच्या भारतीय बिल्ल्यांवर मुकुट जाऊन अशोकस्तंभाचे सिंह आले.

राणीचा मुकुट आणि १९१६ चे अक्षर एकत्र असतील तर दोन्हींपैकी एक खोटे आहे. राजाचा मुकुट आणि १९६० चे अक्षर असेल तर वस्तू चांदीची असू शकते, पण ती नंतर पाडलेली आठवण आहे; त्या काळात वापरलेला बिल्ला म्हणून घेऊ नका. सोपी तपासणी आहे, दोन मिनिटांत होते, आणि फार थोडे जण करतात.

पदक असेल तर कडेचे नाव तपासा. जुने नाव घासून दुसरे कोरलेले असेल तर कड तिथे पातळ होते. ब्रिटिश मोहिमांची चांदीची पदके साधारण ३६ मिलिमीटर व्यासाची. चार-पाच दिशांनी व्यास मोजा. एकीकडे ०.२ ते ०.३ मिलिमीटर कमी भरला तर ती बाजू भिंगाखाली घ्या.

## टप्पा ७: पाण्यातले वजन

इथपर्यंत धातूला हात लावलेला नाही. आता लावायचा, पण ओरखडा न पाडता. चुंबक लावून एकदा बघून घ्या. अंग चिकटले तर चांदी नव्हे, विषय संपला. फक्त पिन चिकटली तर हरकत नाही, पोलादी पिना सर्रास असतात. चिकटले नाही म्हणून चांदी ठरत नाही. जर्मन सिल्व्हर, क्युप्रोनिकेल, पितळ काहीच चिकटत नाही. बर्फाचा खडा ठेवून बघण्याचा प्रयोग सोडून द्या, तांब्यावरही बर्फ तसाच भरभर वितळतो.

घनता काढायची रीत:

1. बिल्ला कोरडा तोला. समजा १४.२० ग्रॅम.
2. पेल्यात बिल्ला बुडेल एवढे पाणी घ्या, लिक्विडचा एक थेंब टाका, पेला काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा.
3. नायलॉनच्या दोऱ्याने बिल्ला पाण्यात पूर्ण बुडेल असा धरा. तळाला किंवा काचेला टेकता कामा नये.
4. चिकटलेले बुडबुडे दोरा हलवून सोडवा. काटा स्थिर झाला की आकडा लिहा. समजा १.३७.
5. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा. १४.२० भागिले १.३७ म्हणजे १०.३६.

९२५ चांदी १०.३६ च्या आसपास, ८०० चांदी १०.१ ते १०.२, क्युप्रोनिकेल ८.९, जर्मन सिल्व्हर ८.५ ते ८.८, पितळ ८.४ ते ८.७, कथलाचे मिश्रण ७.३ च्या जवळ, जस्ताचे ओतकाम ७ च्या खाली. हाच १४.२० ग्रॅमचा बिल्ला जर्मन सिल्व्हरचा असता तर पाण्यातला आकडा १.६३ च्या जवळपास आला असता. फरक एवढा मोठा असतो की घरचा काटा पुरतो. मात्र ९०० की ९२५, हे या रीतीने ठरवू नका.

आधी हात बसवून घ्या. लक्ष्मीपूजनाच्या डब्यातला पंचम जॉर्जचा १९११ ते १९२२ मधला रुपया घ्या. तो ९१७ चांदीचा, मूळ वजन ११.६६ ग्रॅम. तुमचे उत्तर १०.२ ते १०.५ मध्ये येईपर्यंत त्यावरच करत राहा. १९४० पासूनचा रुपया नको. तो निम्म्या चांदीचा आहे, आणि १९४७ चा तर निकेलचा.

ही रीत कुठे फसते: मीना असलेला बिल्ला (मीना हलका, उत्तर खाली येते), पोकळ ब्रोच (आत हवा अडकते), जाड पोलादी पिन, मागून शिसे भरलेला बिल्ला (शिसे ११.३४, उत्तर फुगते). ५ ग्रॅमच्या आतल्या वस्तूला काट्याच्या ०.०१ च्या चुकीनेही उत्तर ०.२ ने हलते. तीनदा मोजून मधला आकडा घ्या.

## टप्पा ८: सराफ बाजारात टंच (शुद्धता)

घनता जुळली तरच हा खर्च करा. सराफ बाजारात आणि हॉलमार्किंग केंद्रांत एक्सआरएफ (क्ष-किरणांनी धातू ओळखणारे) यंत्र असते, बोलीत कॅरट मशीन. दुकानात शिरल्याशिरल्या सांगा: ‘शेठ, मोडायचं नाही, फक्त मशीनवर टंच बघायचाय. कस लावू नका, कानस लावू नका, तेजाब नको.’ हे आधी सांगितले नाही तर सवयीने बिल्ला कसोटीवर घासला जातो. त्यांच्याकडे येणारी बहुतेक वस्तू मोडीसाठीच असते, चूक त्यांची नसते. बिल्ला आत पाठवू नका, समोर उभे राहा.

यंत्र फक्त वरचा पातळ थर वाचते. जाड मुलामा असेल तर जर्मन सिल्व्हरवरही नव्वदीतला आकडा येतो. म्हणून तीन ठिकाणी वाचन घ्या:

- मागचा सपाट भाग, ठशापासून दूर;
- पुढचा सर्वांत झिजलेला उंचवटा, जिथे बोट किंवा कापड घासत आले आहे;
- किनारीची जाडी.

कडी, पिन आणि डाखाची जागा टाळा. कड्या बऱ्याचदा तांब्याच्या किंवा पितळेच्या असतात. फक्त टंचाचा आकडा नको, सगळ्या धातूंची यादी दाखवायला सांगा. चांदी आणि तांबे एवढेच मुख्य असेल तर ठीक. निकेल आणि जस्त दोन्ही दिसले, आणि झिजलेल्या उंचवट्यावर ते वाढले, तर खाली जर्मन सिल्व्हर आहे. जुन्या चांदीत पृष्ठभाग आतल्यापेक्षा थोडा शुद्ध वाचला जातो. ९२५ च्या वस्तूवर ९४ टक्के येणे बिघाड नाही. तिन्ही ठिकाणी थेट ९९ च्या वर आले तर मात्र चोख चांदीचा मुलामा असण्याची शंका घ्या आणि पाण्यातल्या वजनाचा आकडा पुन्हा काढा.

तेजाबाची (आम्लाची) परीक्षा फौजी बिल्ल्यासाठी आम्ही सुचवत नाही. डाग जात नाही, आणि जे कळते ते यंत्र आणि घनता मिळून सांगतातच.

## टप्पा ९: निकाल कसा मांडायचा

एका ओळीत ‘खरा’ किंवा ‘खोटा’ लिहू नका. तीन प्रश्नांची तीन उत्तरे लिहा: धातू चांदी आहे का, ठसा त्याच वस्तूवर मूळचा आहे का, वस्तू त्या काळातली आहे का. पहिल्याचे उत्तर हो आणि तिसऱ्याचे नाही, असे पुष्कळ वेळा होते, कारण चांगल्या नकला चांदीतच करतात. उलट पितळेचा, ठसा नसलेला शिपायाचा बिल्ला पूर्ण अस्सल असतो आणि दुर्मीळ पलटणीचा असेल तर चांदीच्या ब्रोचपेक्षा त्याला जास्त पैसे पडतात. मोडीच्या भावाने दोन्ही घालवू नका.

विकण्याआधी वयाचा हिशोब करा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तूत मोडू शकते आणि ती परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही. पहिल्या महायुद्धाचे बिल्ले आता त्या वयाचे झाले आहेत. परदेशी गिऱ्हाईक कितीही गोड बोलले तरी पार्सल करू नका.

नोंदीत वजन, पाण्यातला आकडा, व्यास, ठशाचा आडव्या उजेडातला फोटो, काजळीची पट्टी आणि यंत्राच्या तिन्ही वाचनांची चिठ्ठी एकत्र ठेवा. बिल्ला वर्तमानपत्रात, लोकरी कापडात किंवा रबरबँड लावून ठेवू नका. तिन्ही चांदी काळी करतात. आम्लविरहित कागदात गुंडाळून झिपच्या पॉलिथिन पिशवीत ठेवा, सोबत सिलिका जेलची पुडी टाका, आणि जून ते सप्टेंबर ती पुडी दर महिन्याला बदला.